दोन चकत्या जास्त

पाथरीत सरकीच्या गिरणीच्या भिंतीला टेकून पत्र्याचं एक छप्पर होतं. त्यात आश्रुबा मिस्त्री बसायचा. पाटी नव्हती, आणि पाटीची गरजही कधी पडली नाही. तालुक्यात कुठं ट्रॅक्टर अडला, कुठं इंजिन धाप टाकायला लागलं, की लोक म्हणत, "आश्रुबाला बोलवा, तो कान लावून सांगतो." तो खरंच कान लावायचा. लाकडी दांडक्याचं एक टोक इंजिनाला टेकवायचा, दुसरं कानाशी धरायचा, डोळे मिटायचा, आणि थोड्या वेळानं दुखणं नेमकं कुठं आहे तिथं बोट ठेवायचा.

ही विद्या त्यानं लष्करातून आणली होती. अठराव्या वर्षी भरती होऊन बारा वर्षं तो गाड्यांच्या कारखान्यात राबला. छप्पन साली बापानं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा रजा काढून आला, बापाशेजारी उभा राहिला, परत गेला. पुढं कायमचा गावी आला तो खाकी पँट, इंग्रजी नावांची हत्यारं आणि एक सवय घेऊन. काम झालं की त्यातली खोट आपणच आधी सांगायची. "ब्रेक धरतील, पण उताराला आधीच दाबा." "पंप चालंल, पण उन्हाळ्यापुरता." गिऱ्हाइकाला ते आवडो न आवडो. त्याची बायको गीताबाई शाळेत शिकवायची. ती म्हणायची, "तुमच्या हुन्नरापेक्षा तुमच्या या सवयीवर लोकांचा भरवसा आहे."

ती सवय आयुष्यात एकदाच मोडली. पंचाहत्तर सालच्या भादव्यात.

गावातल्या मोठ्या वाड्याच्या दत्तरावांनी लष्कराच्या लिलावातून एक जुनी जीप आणली होती. दोन वर्षं ती पाथरीहून आडगावांना माणसं नेत-आणत होती. मग तिच्या मागच्या चाकांचे गिअर दाते गळून बसले. सामान हैदराबादेतही मिळेना. आश्रुबानं मागच्या चाकांना फिरवणारा दांडा काढून ठेवला आणि जीप नुसत्या पुढच्या चाकांवर चालती केली. लष्करी जीपला पुढच्या चाकांनाही ताकद देता येते, तेवढ्यावर भागलं. गावानं डोळे मोठे केले. "आता जीप ढकलत न्हाई, ओढती," आश्रुबा म्हणाला. "बैल बी पुढंच असतो की."

जीपचा ड्रायव्हर होता बिरू. धनगरवाड्याचा, तिशीतला, स्टेअरिंगवर हात हलका. पूर्वी प्यायचा. बापाच्या मरणानंतर तर फार. मग कसं कोण जाणे, सोडली. दोन वर्षं झाली होती. तरी धनगरवाड्यात कुणी शिंकलं तरी लोक म्हणायचे, बिरू परत लागला वाटतं.

पावसाळा आला आणि ओढणाऱ्या बैलाचं पितळ उघडं पडलं. आमच्याकडची काळी माती म्हणजे कणीकच. जीप पांदीत, शेतवाटेच्या चिखलात शिरली की पुढचं एक चाक जागेवर भिंगरीसारखं फिरायचं आणि दुसरं ढिम्म. चिखल उडून माणसं न्हाऊन निघायची. शेवटी खाली उतरून ढकलायचं.

"आश्रुबा, ही काय नाटकं?" दत्तराव वैतागले. "एक चाक नाचायलंय आन् एक तमाशा बघायलंय."

आश्रुबानं समजावलं. दोन चाकांच्या मधे एक जाळी असते, तिला डिफरन्शल म्हणतात. वळणावर आतलं चाक हळू आणि बाहेरचं जोरात फिरावं म्हणून ती केलेली. पण तिची अक्कल अशी, की जे चाक सैल सापडेल त्यालाच सगळी ताकद देते. "जू असं हाय बघा मालक, की एक बैल घसरला की दुसऱ्यानं उभंच ऱ्हायाचं."

"मग जू बदल."

आश्रुबा आठ दिवस विचार करत होता. लष्करात असताना त्यानं एका परदेशी गाडीची जाळी उघडलेली पाहिली होती. तिच्यात गिअरांच्या पाठीला चकत्या होत्या. त्या एकमेकींवर घासायच्या, म्हणून एक चाक एकट्यानं सुटून पळू शकत नव्हतं. थोडं मागं-पुढं होई, पण दुसऱ्याला बरोबर ओढून नेई. आश्रुबानं ट्रकच्या जुन्या क्लचचं पोलाद कापलं, कानसलं, तेलात घासून आरसा केलं. हिशेबानं दर बाजूला तीन चकत्या बसत होत्या. काळ्या मातीची आठवण ठेवून त्यानं पाच घातल्या.

चाचणीला अर्धं गाव लोटलं. ओढ्यामागच्या पांदीत, गुडघाभर चिखलात, नऊ माणसं बसवून बिरूनं जीप घातली. दोन्ही चाकं एकदम लागली. जीप घुसली, डुलली आणि म्हशीसारखी सावकाश पलीकडं निघाली. पोरं ओरडली. दत्तरावांनी डोक्यावरची टोपी काढून परत घातली.

परत येताना जीप डांबरीवर चढली. आता आत दोघंच होते, बिरू आणि त्याच्या शेजारी आश्रुबा. गावाच्या वळणावर उजवं चाक डांबरावर आणि डावं कडेच्या गाळात होतं. बिरूनं गाडीला जोर दिला आणि स्टेअरिंगनं त्याच्या हातात असा हिसका मारला की त्याचं कोपर बाजूच्या पत्र्यावर आपटलं.

"मिस्त्री, हे हात झटकायलंय."

आश्रुबाला तत्क्षणी कळलं. चकत्या दोन जास्त झाल्या होत्या. चिखलात त्या वरदान होत्या. पण एक चाक कोरड्यावर आणि एक ओल्यात सापडलं की कोरडं चाक सगळी गाडी एका अंगाला ओढणार, आणि ती ओढ माणसाच्या मनगटात उतरणार. जाळी परत उघडायला हवी होती. एक दिवसाचं काम. निदान एवढं तरी सांगायला हवं होतं, की अंगठे स्टेअरिंगच्या आत घालू नको, वळणावर जोर देऊ नको.

तो तोंड उघडणार तेवढ्यात जीप दत्तरावांच्या अंगणात शिरली.

अंगणात माणसंच माणसं होती. दत्तराव पुढं आले. "आश्रुबा, खाली कामून बसायलास? खुर्चीवर बस." आतून चहा आला. या घरात आश्रुबाचा कप गोठ्याच्या भिंतीतल्या देवळीत असायचा, कान तुटलेला. पंधरा वर्षं तो त्या घराचं काम करत होता आणि पंधरा वर्षं तो कप स्वतःच काढून, स्वतःच विसळून पालथा घालत होता. आज मात्र दत्तरावांच्या सुनेनं घरातली सोनेरी काठाची कपबशी आणून त्याच्या हातात दिली. सगळ्यांच्या देखत.

बिरू खांबाला टेकून मनगट चोळत होता. म्हणाला, "मिस्त्री, त्या हिसक्याचं बगा बरं का."

दत्तरावांच्या भुवया चढल्या. "कसला हिसका रे?"

आश्रुबाच्या हातात कपबशी होती. "काई न्हाई," तो म्हणाला. "नवं काम हाय. बसंल दोन दिसांत."

चकत्या बसत नसतात. हे त्याच्याइतकं त्या अंगणात कुणालाच ठाऊक नव्हतं.

दोन दिवसांनी नव्हे, अकराव्या दिवशी बातमी आली. देवगाव फाट्याच्या वळणावर जीप दगडाला धडकली होती. माणसांचं खरचटण्यावर निभावलं. बिरूचा उजवा अंगठा मुळातून मागं वळला होता आणि मनगटाची दोन हाडं मोडली होती. स्टेअरिंग गच्च धरून ठेवलं होतं त्यानं, अंगठे आत घालून. गाडी हातची जाऊ नये म्हणून.

संध्याकाळपर्यंत गावानं निकाल देऊन टाकला. "पिलेला असणार." फाट्यावर हॉटेलापुढं जीप थांबली होती, एवढा पुरावा पुष्कळ झाला. दत्तरावांनी बिरूला कामावरून काढलं आणि चौकात सांगितलं, "गाडी लाखमोलाची हाय. पिणाऱ्याच्या हातात देऊन मीच चुकलो."

आश्रुबा तिथंच उभा होता. त्यानं मान खाली घातली. लोकांना वाटलं, बिरूसाठी वाईट वाटलं असेल.

पुढं तीन आठवडे त्याला जेवण गेलं नाही. गिऱ्हाईक आलं की दांडकं कानाला लावायचा, पण आतलं ऐकू यायचं नाही. ऐकू यायचं ते स्वतःचंच वाक्य. बसंल दोन दिसांत. गीताबाईनं एक-दोनदा विचारलं, त्यानं टाळलं. मग एका रविवारी भाकरी थापता थापता ती सहज म्हणाली, "बिरूची आई भेटली होती. डोळे वर करत नव्हती बिचारी."

आश्रुबानं ताट सरकवलं आणि सगळं सांगितलं. हिसका, अंगण, कपबशी.

गीताबाईचा हात थांबला. तव्यावरची भाकरी जळाली, तिनं ती खाली ठेवली.

"तो चहा आपल्या हक्काचा होता," ती म्हणाली. "पंधरा वर्षं उशिरा आलेला. तुम्ही त्याला उपकार समजलात. फेडायला निघालात, आणि फेडलंत दुसऱ्याच्या हातानं."

तो तसाच उठला आणि दत्तरावांकडं गेला. दत्तरावांनी ऐकून घेतलं, इकडं-तिकडं पाहिलं.

"हे दुसऱ्या कुणाला बोललास?"

"घरी."

"मग तिथंच ऱ्हाऊ दे. आरं, ड्रायव्हर वाईट म्हटलं तर ड्रायव्हर बदलता येतो. गाडीच वाईट म्हटल्यावर बसंल का कुणी? तू गुपचूप दोन चकत्या काढ, मी गुपचूप दुसरा ड्रायव्हर ठेवतो. तुझं बी नाव ऱ्हाईल, माझं बी."

"आन् बिरूचं?"

"त्याचं व्हतं कुठं?"

आश्रुबानं त्याच दिवशी जाळी उघडली. दर बाजूच्या दोन, अशा चार चकत्या काढल्या, पुसल्या, खिशात घातल्या. पुढच्या बाजारच्या दिवशी, चौकात जीपा जिथं उभ्या राहतात तिथं तो गेला. भाजीवाले, हमाल, गाडीची वाट बघणारी माणसं होती. तो मोठ्यानं म्हणाला, "बिरू पिलेला नव्हता. खोट माझ्या कामात होती. त्यानं मला सांगितलं होतं, मी ऐकलं न्हाई."

त्याला वाटलं होतं, लोक तोंडावर थुंकतील. तसं काही झालं नाही. लिंबाजी हमाल हसला. "मिस्त्री, आज तुमीच टाकली का काय?" दुसरा म्हणाला, "जाऊ द्या हो, पोरावर लय माया दिसती." आणि माणसं परत कांद्याच्या भावाकडं वळली. खोटं एका संध्याकाळात गावभर गेलं होतं. खरं मात्र चार पावलंही चालेना.

तिथून तो धनगरवाड्यावर गेला. बिरू बाजेवर बसला होता, हात गळ्यात. त्याची आई भागुबाई शेळीचं करडू मांडीत धरून त्याला बाटलीनं दूध पाजत होती. आश्रुबा खाली बसला. चार चकत्या त्यानं जमिनीवर ओळीनं मांडल्या आणि जे चौकात म्हणाला होता ते परत म्हणाला.

भागुबाई ऐकत राहिली. करडानं बाटली सोडली, तरी तिनं ती तशीच धरली होती.

"म्हंजी माझ्या लेकानं पिली नव्हती?"

"न्हाई, भागुबाई."

"थेंब बी?"

"थेंब बी न्हाई."

आश्रुबानं मान पुढं केली होती. शिव्या येतील, आणि त्या याव्यात असंच त्याला वाटत होतं. पण भागुबाई त्याच्याकडं पाहतच नव्हती. तिनं पदर तोंडाला लावला.

"त्याला आणलं तवा हाड बाहीर आलं व्हतं," ती म्हणाली. "आई आई करायला व्हता. आन् मी, मिस्त्री, मी आधी वाकून त्याचं तोंड हुंगलं. हात नंतर बगितला."

बाजेवर बिरूनं तोंड फिरवलं. त्याला ते तेव्हाच कळलं होतं, हे त्याच्या पाठीवरून दिसत होतं. आश्रुबाला त्या क्षणी समजलं, की आपण मोडलेलं हाड दोन महिन्यांत जुळेल. हे जे मोडलं, त्याला आपल्याकडं हत्यार नाही.

थोड्या वेळानं बिरूच बोलला. "मला वाटलं, माझाच हात कच्चा. तुमी म्हणला बसंल, मी म्हटलं बसंल." मग डाव्या हातानं त्यानं एक चकती उचलली, उजेडात धरली. "किती पायजे व्हत्या?"

"तीन."

"आता तीनच हायती?"

"तीनच."

"मग चांगलं काम हाय," बिरू म्हणाला. "चिखलात लय भारी निगाली व्हती गाडी."

आश्रुबाला ते सहन झालं नाही. भागुबाई चुलीकडं वळली होती, चहाचं आधण ठेवायला. "चहा नगं," तो म्हणाला आणि उठला. आजवर त्याला कुठल्या ना कुठल्या घरानं चहा नाकारला होता. आपणहून नको म्हणायची ही पहिली वेळ.

बिरूचा अंगठा पुरता मिटला नाही कधी. पुढं त्यानं राणीसावरगावकडं कुणाचा ट्रॅक्टर चालवला. ते काम आश्रुबानंच पायपीट करून, मालकापुढं सगळं कबूल करून मिळवून दिलं. दत्तरावांची जीप तीन चकत्यांवर आणखी सहा पावसाळे पळाली. आश्रुबानं त्यांचं काम परत घेतलं नाही. देवळीतला कप तसाच राहिला असेल, कुणास ठाऊक.

पण तालुक्यात बिरूचं नाव निघालं की कुणीतरी म्हणायचंच, "तोच ना, पिऊन जीप घातलेला?" आणि आश्रुबा जवळपास असला की हातातलं काम खाली ठेवायचा. चहाच्या हॉटेलात, लग्नाच्या पंगतीत, एकदा तर एसटीत, अनोळखी माणसांमधे, कंडक्टर तिकीट फाडत असताना. "न्हाई. ते माझं काम होतं. दोन चकत्या जास्त घातल्या होत्या." लोक कंटाळायचे, हसायचे. "मिस्त्रीचं सुरू झालं," म्हणायचे.

तो पुरतं सांगून झाल्याशिवाय थांबायचा नाही.