तीनदा विचारायचं गाव

किलकॉरनमध्ये एकदाच विचारणं म्हणजे न विचारल्यासारखंच.

दुकानवाली पेग टूमी दारात आली की नोनी क्रेमिन विचारणार, "चहा घेतेस ना?" पेग म्हणणार, "नको गं, आत्ताच पिऊन आले." "अर्धा कप?" "नको बाई, तुला कशाला उगीच त्रास?" "अगं, किटली चढवलीसुद्धा मी." "मग दे, पण अगदी घोटभर." या घोटभरात तीन कप चहा जातो, वर मनुकांच्या केकचे जाड तुकडे जातात, आणि उठताना पेग उलट नोनीवरच ठपका ठेवते, की तुझ्याकडे आलं की खायला घातल्याशिवाय तू काही सोडत नाहीस. यात दोघींनाही काही वावगं वाटत नाही. पहिल्या झटक्यात 'हो' म्हणणारा हावरट आणि पहिल्या 'नको'ला गप्प बसणारा यजमान चिक्कू, हे इथल्या शेंबड्या पोरालाही कळतं.

कळत नाही ते फक्त पाहुण्यांना. आणि नोनीचं पोट पाहुण्यांवर.

गावाच्या टोकाला, पुलाला लागून तिचं आणि तिच्या धाकट्या भावाचं, युजीनचं, वडिलोपार्जित घर. वरच्या तीन खोल्या ती उन्हाळ्यात पाहुण्यांना देते. झोपायला स्वच्छ अंथरूण आणि सकाळी अंडी, बेकन, सॉसेज आणि घरचा सोडा ब्रेड. गाव दिसायला देखणं आहे, हा तिच्या मते गावाला लागलेला रोग. घराघराला रंग, खिडकीखिडकीला फुलांच्या टोपल्या. बस थांबते, माणसं उतरतात आणि हातपंपाचे फोटो काढतात. पंपाला पाणी येऊन जमाना झाला. एकानं तर दोरीवर वाळत घातलेल्या नोनीच्या परकराचा फोटो काढला आणि वर विचारलं, "तुम्ही लोक इथे दिवसभर करता तरी काय?" त्याच्यासाठीच ती पहाटेपासून चुलीपुढे उभी होती.

सकाळी ती टेबलाशी येऊन विचारते, "अजून एक सॉसेज?" पाहुणा म्हणतो, "नको." आणि खरंच खात नाही! पहिल्या वर्षी तिला वाटलं, आपल्या हाताची चव बिघडली. मग कळलं की या लोकांच्यात 'नको'चा अर्थ नको एवढाच असतो. तेव्हापासून तिचं डोकं जे फिरलं ते फिरलंच. "ही काय बोलायची रीत झाली?" ती पेगला म्हणायची. "दार उघडायच्या आत तोंडावर आपटल्यासारखं वाटतं."

योका अशीच एक पाहुणी. हॉलंडहून सायकल घेऊन आलेली, उंच, हाडापेरानं मजबूत, नवरा वारलेला, वय साठीच्या अलीकडे. आयुष्यभर इस्पितळात नर्स होती, त्यामुळे बोलणं इंजेक्शनसारखं: एकदाच, पण नेमकं. आली तेव्हा सायकलचं चाक बसलेलं. युजीन अंगणात होता. "मी काढून देतो पंक्चर," तो म्हणाला. "नको, मला येतं," योका म्हणाली आणि काढलं. युजीन हवेचा पंप हातात धरून शेवटपर्यंत तिथंच उभा. तिनं हवासुद्धा स्वतःच भरली.

संध्याकाळी तिनं त्याला विचारलं, "उद्या मी तळं बघायला जातेय. येणार का?"

युजीन म्हणाला, "छे, मेंढ्या आहेत ना."

"बरं," योका म्हणाली आणि झोपायला गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी युजीन दाढी करून, रविवारच्या प्रार्थनेचा शर्ट घालून अंगणात हजर. मेंढ्या बापड्या कुंपणापाशी त्याची वाट बघतायत, हा रस्त्याकडे बघतोय. योका केव्हाच सायकल हाणत निघून गेलेली. खिडकीतून हे बघताना नोनीला हसू यायच्या ऐवजी संतापच आला. भावाचा जास्त की त्या बाईचा, हे तिला ठरवता येईना.

"नाही म्हणालास ना काल?"

"म्हणालो. पण तिनं परत विचारायला हवं होतं."

"अरे, तिला काय माहीत!"

"सगळ्यांना माहीत असतं," युजीन म्हणाला आणि तोच शर्ट घालून मेंढ्यांकडे गेला.

तरी योका दर उन्हाळ्यात येत राहिली. का, हे युजीनला कळायला फार वर्षं लागली. नोनीला दुसऱ्याच वर्षी कळलं. आणि मग सगळा व्याप नोनीच्या गळ्यात पडला. दोघं एकमेकांना विचारणार, एक सरळ 'येणार का' म्हणणार, दुसरा सवयीनं 'नको' म्हणणार, आणि घोडं तिथंच अडणार. म्हणून नोनीनं विचारणंच बंद करून टाकलं. "युजीन, गाडी काढ, योकाला समुद्रावर जायचंय." "युजीन, वर खिडकी अडकलीये, जा, योका वाट बघतेय." खिडकी अडकलेली नसायचीच. हळूहळू ती दोघं संध्याकाळी पुलाच्या कठड्यावर बसायला लागली, पाऊस असला तर स्वयंपाकघरात तिघं मिळून पत्ते खेळायला लागली. युजीन हरला की योका तोंडावर सांगायची, "तू वाईट खेळतोस." आणि युजीनला, ज्याला साठ वर्षांत कुणी सरळ काही म्हणून ऐकवलं नव्हतं, ते मेडल मिळाल्यासारखं वाटायचं.

त्या संध्याकाळी नोनीलाही आवडायच्या, हे तिनं कुणाला सांगितलं नसतं. योका पत्ते पिसता पिसता तिच्या गावाबद्दल बोलायची. घराच्या मागं कालवा, कालव्यात होड्या, शनिवारचा बाजार, थंडीत पाणी गोठलं की सगळं गाव बर्फावरून घसरत शेजारच्या गावाला जातं. नोनी पोळी भाजायच्या तव्यासारखा चेहरा करून ऐकायची आणि नंतर अंथरुणात पडून त्या कालव्याचा विचार करायची. सगळं जग तिचं गाव बघायला येतं. ती मात्र कॉर्क शहराच्या पलीकडे कधी गेली नव्हती.

मग या ऑगस्टमध्ये, परतायच्या आदल्या दिवशी, योका दुपारच्या जेवणाला टेबलाशी बसली आणि बटाटे वाढून घ्यायच्या आधीच म्हणाली, "पुढच्या वर्षी मी येणार नाही. गुडघे गेलेत, मुलीला दुसरं मूल होतंय, मला तिथं राहायला हवं. युजीन, तू माझ्याकडे राहायला ये. कायमचा."

नोनीच्या हातातला वाढायचा डाव तसाच राहिला. युजीन आधी लाल झाला, मग पांढरा, आणि मग त्याचं तोंड आपोआप उघडलं.

"छे, छे. मी कुठे? मेंढ्या आहेत. नोनी आहे."

योकानं बटाट्यांचं भांडं पुढे ओढलं. "बरं. कळलं," ती म्हणाली. बटाटे खाल्ले, ताट धुऊन ठेवलं आणि सामान भरायला वर गेली.

नोनीनं दार लावलं आणि भावाकडे वळली. "तू माणूस आहेस की खांब?"

"काय झालं?"

"काय झालं? तुला जायचंय की नाही? सरळ सांग."

युजीननं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "एकदाच विचारलं तिनं," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज चक्क कापला. "मेंढा विकताना मी पेगच्या मुलाला सतरा वेळा विचारतो. तिनं मला एकदाच विचारलं, नोनी. खरंच हवा असतो तर परत विचारलं नसतं?"

नोनीनं कपाळावर हात मारून घेतला. हा माणूस मरेपर्यंत पुलावर बसून, तिनं परत का विचारलं नाही याचा विचार करत बसणार, आणि आपण त्याला तीन वेळा चहा विचारत बसणार. एका क्षणी तिच्या मनात आलं, बसू दे की. हा गेला तर डिसेंबरात या घरात आपण आणि कोंबड्या. वरच्या तीन खोल्या रिकाम्या, चुलीपाशी एकच खुर्ची, आणि बोलायला कोण, तर रेडिओ. मग त्या विचाराचाच तिला राग आला आणि त्या रागातच ती जिना चढली.

योका कपड्यांच्या घड्या पेटीत दाबत होती.

"खाली चल आणि त्याला परत विचार."

"का? तो नाही म्हणाला."

"ते नाही नव्हतं."

"मग काय होतं?"

"ती सुरुवात होती!" नोनी जवळजवळ ओरडलीच. "इथं तीनदा विचारावं लागतं. पहिल्यांदा माणूस नाही म्हणतो, कारण लगेच हो म्हणणं बरं दिसत नाही. दुसऱ्यांदा नाही म्हणतो, कारण समोरच्याला खरंच हवंय की तोंडदेखलं विचारतोय, ते बघायचं असतं. तिसऱ्यांदा जे म्हणतो, ते खरं."

योका पेटीवर बसली. "हा मूर्खपणा आहे."

"आहे. पण खाली चल."

"म्हणजे इतकी वर्षं मी त्याला तळ्यावर, बाजारात, नाचाला विचारलं, तेव्हा..."

"तेव्हा तो दाढी करून बसायचा."

योका एकदम उठली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते तिनं नर्ससारखं मनगटानं पुसलं, जणू दुसऱ्याच कुणाचं होतं.

युजीन जागचा हलला नव्हता. योका त्याच्यासमोर कवायतीला उभी राहिल्यासारखी उभी राहिली. "नोनी म्हणते तीनदा विचारायचं असतं. हे दुसऱ्यांदा. युजीन, माझ्याकडे राहायला ये."

"अगं, माझ्यासारख्या म्हाताऱ्याचं तू काय करणार?"

"हे तिसऱ्यांदा. ये."

"तुला उगीच त्रास..."

"युजीन!" नोनीनं डाव उचलून टेबलावर आपटला.

"बरं बाई, येतो," युजीन म्हणाला. "येतो मी."

मग एकदम गडबड उडाली. योका हसायला लागली, युजीन टोपी उगीचच डोक्यावर घालायला आणि काढायला लागला. मेंढ्या पेगच्या मुलाला द्यायच्या, जमीन त्यालाच भाड्यानं द्यायची, पासपोर्ट कुठं काढतात ते पेगला विचारायचं, असं भराभरा ठरायला लागलं. दोन माणसं एवढ्या वेगानं ठरवू शकतात, तर आठ उन्हाळे काय झोपली होती का, असं नोनीच्या तोंडावर आलं होतं. पण तिनं किटली चढवली. तिला बरं वाटत होतं, खरंच वाटत होतं.

"आणि नोनी?" योका म्हणाली. तिनं खुर्ची नोनीकडे वळवली. "माझं घर मोठं आहे. खालची खोली रिकामी आहे, कालव्याकडे खिडकी असलेली. तूही ये."

खालची खोली. कालव्याकडे खिडकी. नोनीचा हात किटलीवरच राहिला आणि तिचं तोंड आपोआप उघडलं.

"छे! मी कुठं येऊ? पाहुणे आहेत, कोंबड्या आहेत."

ती थांबली. किटलीच्या झाकणाकडे बघत थांबली. योका तिच्याकडे बारकाईनं बघत होती. एव्हाना ती शिकली होती. "मग मी परत विचारते," ती म्हणाली. "नोनी, खरंच..."

"तिला नको विचारूस," युजीन हसत हसत म्हणाला. इतका खुशीत तो नोनीला कधी दिसला नव्हता. "नोनी इथून हलायची नाही. ती काय माझ्यासारखी आहे? ती नाही म्हणाली की नाहीच."

"असं?" योकानं नोनीकडे बघितलं. "खरं आहे का ते?"

योकाला माहीत नव्हतं, असं एक वेळ म्हणता आलं असतं. पण युजीन याच घरात, याच टेबलाशी लहानाचा मोठा झालेला. नोनीनं त्याच्याकडे बघितलं. तो पासपोर्टाच्या फोटोसाठी कोणता शर्ट घालावा, याचा विचार करत होता.

"खरंय," नोनी म्हणाली.

"बरं. कळलं," योका म्हणाली, आणि विमान कुठून पकडायचं ते युजीनला समजावून सांगायला लागली.

नोनीनं चहा ओतला. केक कापला. बशी भावापुढे केली.

"घे."

"नको गं," युजीन सवयीनं म्हणाला आणि दुसरीकडे बघत वाट बघायला लागला.

नोनीनं बशी उचलली आणि कपाटात ठेवून दिली.