बागेच्या मालकाला सल्लागार

दिंडोरीकडच्या आमच्या द्राक्षबागेला सल्लागार आहे. पानावर ठिपका दिसला की मी त्याला फोन लावतो. तो येतो, पान उलटं करून बघतो, कोणतं औषध मारायचं ते लिहून देतो आणि फी घेऊन जातो. यात कुणालाच लाज वाटत नाही. उलट, "आमचा सल्लागार लय भारी हाय," असं लोक पारावर ऐटीत सांगतात.

मालकच कोमेजला तेव्हा मात्र सल्लागार कुणालाच सुचेना. दिवाळीनंतर मला अंथरुणातून उठवेनासंच झालं. माल उत्तम, घरात भांडण नाही, तरी सगळं नकोसं. आई म्हणाली, दृष्ट लागली. चुलते म्हणाले, "तुला काय कमी हाय रं?" तेच मला सांगता येईना आणि त्याचीच भीती वाटायची.

शेवटी बायको भडकली. "अहो, पानाला ठिपका पडला तर माणूस बोलावता, अन् तुमच्यासाठी नाय?" तिनं गाडी काढली आणि मला थेट नाशिकला समुपदेशक बाईंसमोर नेऊन बसवलं.

मी पेन काढून तयारच. "मॅडम, काय मारायचं ते सांगा. किती लिटरला किती?"

बाई हसल्या. "इथे तुम्ही बोलायचं."

फी द्यायची आपण आणि बोलायचंही आपणच! मी जाम वैतागलो. तरी पुढच्या आठवड्यात गेलो आणि बोलता बोलता ढसाढसा रडलो. हा आळस नाही, नैराश्य आहे, आजार आहे, असं बाईंनी समजावलं. गोळ्यांसाठी डॉक्टरांकडेही पाठवलं. छातीवरचा धोंडा जरासा हलला.

आमच्याकडे गोडी मोजायचं यंत्र आहे, पण काढणी ठरते माझ्या जिभेवर. त्या हिवाळ्यात बायको रोज सकाळी द्राक्षाचा एक मणी माझ्या हातावर ठेवायची. "कसा हाय?"

"ठीक."

कच्चा हिरवा मणीसुद्धा ठीक. मला खरंच कसलीच चव कळत नव्हती. ती बागेत परत जायची.

मग एका सकाळी मणी चावला आणि माझा चेहराच वाकडा झाला. "अगं, आंबट हाय! व्यापाऱ्याला सांग, इतक्यात तोडायचं नाय."

"खरंच आंबट लागला?"

"दात आंबले."

ती ओट्यावर मटकन बसली आणि डोळ्यांना पदर लावून रडायला लागली.