हवा सोडायची तीन यंत्रं

शेवटच्या दिवशी सकाळी मामा दुकानाच्या पायरीवर बसला होता आणि पुढ्यात पोत्यावर हवा सोडायची तीन यंत्रं मांडली होती. स्पेअर पार्टवाल्याने दिली होती बघायला, आवडेल ते ठेवा, बाकीची परत करा म्हणून. मामाचं टायरचं दुकान रस्त्याच्या टोकाला, त्याच्यापुढे डांबर संपतं आणि वाळूच वाळू. वाळूत गाडी घालायची तर टायरमधली हवा कमी करावी लागते, मग टायर पसरतो आणि गाडी वरच्यावर चालते. नाहीतर रुतली म्हणून समजा. मामाने चाळीस वर्षं हे काम एका खिळ्याने केलं. व्हॉल्व्हच्या तोंडात खिळा दाबायचा, फुस्स, संपला विषय.

यंत्रं त्याच्यासाठी नव्हतीच, भाचीसाठी होती. तिला सगळे मुंगी म्हणायचे, अंगाने तेवढीशी आणि ओझं उचलायला पुढे म्हणून. आई गेल्यापासून ती मामा-मामीकडेच वाढली. आता तीस वर्षांची बाई, दवाखान्याची जीप चालवायची. दर गुरुवारी वाळूपलीकडच्या वस्तीवर नर्सबाईंना आणि औषधं न्यायची. मामा शेजारी बसून जायचा, हवेचं तो बघायचा. पण दवाखान्याने मागे लसींची थंड पेटी बसवली, नर्सबाई पुढे आल्या आणि मामाची जागा गेली. येत्या गुरुवारपासून जीप मुंगीने मामाशिवाय न्यायची होती. वाळूत रुतली तर दिवसभर कोणी फिरकत नाही, आणि पेटीतला बर्फ काही वाट बघत बसत नाही.

मामाला खरी धास्ती बसली ती आदल्या खेपेला. हवा किती सोडायची याचा त्याचा स्वतःचा हिशोब होता. टायर जमिनीला जिथं टेकतो तिथं हात लावायचा, एक वीत आणि वर चार बोटं भरली की बास. त्या दिवशी तो म्हणाला, आज तू कर, मी झोपतो. मुंगीने मोजलं, वीत आणि चार बोटं, अगदी बरोबर. अर्ध्या तासात जीप पोटापर्यंत वाळूत. दोन तास फावडं मारलं. मामा तोंडाला येईल ते बोलत होता, "मोजलंस का डोळे मिटून केलंस?" ती म्हणाली, "मोजलं हो मामा, तुमच्यासारखंच मोजलं." तेव्हा त्याने तिचा हात ओढून आपल्या हाताला लावला. मामाचा पंजा म्हणजे सूप, हिची बोटं त्याच्या दुसऱ्या पेरापर्यंत. हिची वीत भरली तरी टायरमध्ये हवा जास्तच राहिली होती. मामा वाळूत फतकल मारून बसला आणि हसायलाच लागला. "एवढं शिकवलं आणि तुझा हात बघितला नाही मी," म्हणाला. दुसऱ्या दिवशी उठून स्पेअर पार्टवाल्याकडे गेला. ज्या माणसाने जन्मात हवा मोजायच्या काट्यावर विश्वास ठेवला नाही तो काटेवालं यंत्र मागायला गेला, तर दुकानदार म्हणे, तब्येत बरी आहे ना?

तर त्या शनिवारी सकाळी मुंगीने जीप दुकानासमोर लावली आणि दोघं एकेक यंत्र लावून बघायला लागले.

पहिलं म्हणजे चार छोट्या पितळी नळ्या. आधीच ठरवून ठेवायचं, सोळा पाउंडाला थांब. चारही चाकांना लावायच्या आणि हात झटकून उभं राहायचं, आपोआप बंद होतात. मुंगीला तेच आवडलं.

"हे घेऊ ना मामा, मी तोवर चहा पिते."

"चहा पी, आणि गाडी जाऊ दे खड्ड्यात. हे चौघं भाऊ आहेत, चौघांचं एकमत होतंय का बघू आधी."

नाही झालं. तिघं सोळाच्या आसपास थांबले आणि चौथा अकरापर्यंत गेला. मामाने तो काढून फुंकला, झटकला, चाकात हवा भरून परत बसवला, तर या वेळी एकोणीसलाच बंद. "घ्या," म्हणाला, "अजून वाळू बघितलीसुद्धा नाही आणि याचं डोकं फिरलं. अकरापर्यंत हवा गेली की टायर रिमवरून उतरतो, मग बस बोंबलत."

दुसरं काट्याचं, पितळेचं, जड. ते व्हॉल्व्हवर घट्ट बसवायचं आणि मागचा दांडा फिरवून आतली पिनच बाहेर ओढायची. भस्सकन हवा जाते, एक चाक मिनिटाच्या आत. मामा खूश झाला, मांडीवर थाप मारली. मामी दारातून बघत होती, ती म्हणाली, "एवढ्या लांब जाऊन पिन काढायची, आणि पडली वाळूत म्हणजे?"

"पडत नाही, दांडा धरून ठेवतो तिला."

"दांडा धरेल हो, हात कोणाचा आहे ते बघा."

"तू टायरचं दुकान कधी टाकलंस?" मामा म्हणाला. मामी म्हणाली, "चाळीस वर्षं चालवतेय, तुम्हाला कळलं नाही."

तिसरं बारकं होतं, त्यालाही काटा, पण ते पिन नुसती दाबून धरतं, काही काढायचं नाही, काही फिरवायचं नाही. फक्त सावकाश. एका चाकाला तीन मिनिटं. मामा मागच्या चाकापाशी उकिडवा बसून ते धरून होता. "हे म्हातारीच्या चालीचं आहे," म्हणाला. मग म्हणाला, "मुंगे, घोटभर पाणी आण."

ती माठापर्यंत गेली आणि आली, तेवढाच वेळ. मामा चाकाला टेकून बसला होता, मान एका बाजूला. यंत्र तसंच व्हॉल्व्हवर अडकलेलं, हवा चालूच होती. तिने हाका मारल्या, मामीने मारल्या, शेजारचा वेल्डिंगवाला धावत आला. जीपनेच न्यायचं म्हटलं तर ते चाक पार बसलेलं. वेल्डिंगवाल्याच्या टेम्पोतून नेलं. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, वाटेतच गेले.

नंतर लोक आले, बसले, गेले. जो तो म्हणायचा, माणूस हसतखेळत गेला, कोणाला त्रास दिला नाही. खरं आहे ते. त्रास कामातच द्यायचा तो.

बुधवारी मामी मुंगीला म्हणाली, "उद्या जाणार आहेस ना?"

"जमेल का मला?"

"मला काय विचारतेस. लसी काय घरात ठेवायच्या आहेत?"

मग मुंगीने तिन्ही यंत्रं परत पोत्यावर मांडली. मामाने कुठलं घेतलं असतं ते तिला माहीत होतं, दुसरं. मांडीवर थाप उगाच नव्हती मारली. पण मामाचे हात वेगळे, भर वाऱ्यात पिन काढून परत बसवतील असे. तिचे हात शनिवारपासून कपबशीसुद्धा धड धरत नव्हते. पितळी नळ्यांचा तर विषयच नको. तिने तिसरं उचललं. वेळ लागतो तर लागू दे, चार चाकं म्हणजे बारा मिनिटं, बारा मिनिटांत बर्फ वितळत नाही. बाकीची दोन कागदात बांधून स्पेअर पार्टवाल्याला देऊन आली. तो म्हणाला, "हे सगळ्यात स्वस्तातलं ठेवलंत?" ती म्हणाली, "हो, हेच."

गुरुवारी डांबर संपतं तिथं तिने जीप थांबवली. नर्सबाई बसूनच होत्या. पहिलं चाक झालं, काटा सोळा, दुसरं सोळा, तिसरं पंधरा झालं ते तिने चालवून घेतलं. चौथंही झालं, पण व्हॉल्व्हचं टोपण परत लावताना तिच्या बोटातून सुटलं आणि वाळूत गेलं. नर्सबाई उतरल्या, दोघींनी गुडघ्यावर बसून वाळू चाळली, सापडेना.

"उघडं ठेवलं तर?" नर्सबाईंनी विचारलं.

"वाळू जाईल आत. पिन अडकली तर हवा निघत राहील."

नर्सबाई पिशवीतून रबरी हातमोजा घेऊन आल्या. कात्रीने त्याची करंगळी कापली. मुंगीने ती व्हॉल्व्हवर चढवली आणि जखमेच्या पट्टीने तीन वेढे देऊन बांधली.

"टिकेल?"

"टिकायला काय झालं," मुंगी म्हणाली. "बसा."