रेगिनाची तोंडपाठ कविता

माझी भावजय रेगिना हिला बोलण्यात हरवणारा माणूस आमच्या गावात जन्मलाच नव्हता. नणंद आहे मी तिची, चाळीस वर्षं प्रयत्न करून सांगतेय. शाळेत ती शिकवायला नव्हती, मुलांचे कोट आणि बूट सांभाळायला होती. मुलं सकाळी चिखलाचे बूट काढून सपाता घालायची, तेवढ्यात ही त्यांच्याकडून ती जिभेला कसरत करायला लावणारी कविता घोकून घ्यायची. डाव्या बुटाला एक ओळ, उजव्या बुटाला एक. अर्ध्या गावाची जीभ तिने अशी वळवलीय.

कोणती कविता, हे पोलंडात कुणी विचारत नाही. श, च, झ सगळे एकमेकांच्या पायात पाय घालून उभे, मध्ये श्वास घ्यायला जागा नाही. परक्या माणसाची दुसऱ्याच शब्दाला बोबडी वळते. आमच्याकडे तिचा आणखी एक उपयोग असतो. नवरा लग्नातून पिऊन झुलत घरी आला की बायको त्याला दारातच कविता म्हणायला लावते. सरळ म्हटली तर गडी शुद्धीवर आहे, ये आत. अडखळला तर बस पायरीवर. माझा भाऊ झेनोन, देव त्याला शांती देवो, अर्धा संसार पायरीवर बसून होता.

फेब्रुवारीत रेगिनाला अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला आणि वाचाही गेली. साधं पाणी मागता येईना, लिहिता येईना. हो म्हणायचं असलं तर मान नाही म्हणून हलायची, मग स्वतःवरच चिडून डाव्या हाताने उशी फेकायची. तिची एकुलती एक मुलगी दोमिनिका नॉर्वेत मासळीच्या कारखान्यात असते, ती महिन्याची रजा काढून आली.

एका सकाळी मी रेगिनाच्या पायात मोजे चढवत होते. सहज, तिला चिडवायला म्हणून, कवितेचा पहिला शब्द पुटपुटले. तिने माझ्याकडे पाहिलं आणि अख्खी कविता म्हटली. एक अक्षर इकडचं तिकडे नाही! मी ढसाढसा रडले. मग मूर्खासारखी खिडकी उघडून शेजारणींना हाका मारल्या. त्या हाका अजून माझ्याच कानात वाजतात.

दुपारपर्यंत घरात पाय ठेवायला जागा नव्हती. रेगिना बरी झाली, ठणठणीत झाली. कोण शंका घेणार? आमच्या गावात डोकं ताळ्यावर आहे की नाही याची परीक्षाच ती. सगळे तिला पुन्हा पुन्हा म्हणायला लावत होते, केक खात होते, आणि दोमिनिका कोपऱ्यात बसून फोनवर परतीचं तिकीट काढत होती.

वाचेचे उपचार करायला येणाऱ्या बाईंनी मला स्वयंपाकघरात बोलावून समजावलं. हे बोलणं नव्हे. घोकलेलं असतं ते आपोआप येतं, आणि सुरू झालं की शेवटपर्यंत थांबत नाही. तिच्या मनातला एक शब्दही त्यातून बाहेर पडत नाही. पहिले सहा महिने घरच्या माणसाने रोज तासन् तास तिच्याशी बोलत बसलं, तर काही परत येईल. नंतर कठीण. मी बहात्तर वर्षांची, दोन जिने चढून तिच्याकडे जायचं तर मधे तीनदा टेकते.

दोमिनिकाला हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आत्या, तू पहिल्यापासून घाबरट. ही कविता येणाऱ्या बाईला दोन शब्द बोलणं जड आहे का? थकलीय ती, बोलेल हळूहळू." हे खरं मानायची तिला गरज होती. रजा संपली की नोकरी जाणार होती. मी तरी तिला काय दोष देणार?

रेगिना रोज सकाळी एका हाताने लेकीच्या बॅगेतले स्वेटर काढून परत कपाटात ठेवायची. दोमिनिका हसून पुन्हा भरायची.

निघायच्या दिवशी आम्ही चौकातल्या बसथांब्यावर गेलो. रेगिनाने लेकीची बाही धरून ठेवली होती. बस आली तरी सोडेना. ड्रायव्हर खाली उतरून बॅग ठेवू लागला.

"ती थांब म्हणतेय, पोरी," मी म्हणाले.

दोमिनिकाचा चेहरा पडला. तिने आईचा हात दोन्ही हातांत घेतला. "आई, तू सांग. फक्त थांब म्हण. देवाशपथ, मी बॅग खाली उतरवते."

रेगिनाने तोंड उघडलं. ओठ थरथरले, गळ्याच्या शिरा ताणल्या. मी मनातल्या मनात मरियामातेच्या पाया पडत होते. आणि बाहेर आली ती कविता. स्वच्छ, खणखणीत.

ड्रायव्हरने टाळ्या वाजवल्या. माझ्या आजीलाही एवढी सुरेख येत नव्हती म्हणाला. दोमिनिका रडता रडता हसली, आईचे गाल चुंबले आणि म्हणाली, "बघ आत्या, किती छान बोलते." मी पुढे झाले, काही बोलणार तेवढ्यात दार बंद झालं.

बस चर्चच्या वळणावर दिसेनाशी झाली. रेगिनाच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, आणि तोंड चालूच होतं. अजून चार ओळी बाकी होत्या. मी तिचा हात धरून त्या संपायची वाट बघत उभी राहिले.