मी त्यांना चूप बसवलं

माझी जीभ तिखट आहे, हे माहेरी-सासरी सगळ्यांना ठाऊक आहे. मला त्याची कधी लाज वाटली नव्हती. एकदा वाटली, ती अजून गेलेली नाही.

आमचे हे फौजेत होते. सुटीवर आले की कोंढ्याजवळच्या आमच्या गावी राहायचे, आणि दोन दिवस पवनीला माझ्या माहेरी. माहेर विणकरांचं, भावाचं कापडाचं दुकान. फौजी जावई म्हणजे त्यांना मिरवायला हक्काचा माणूस. खरं सांगते, मलाही. बारसं असो की साक्षगंध, बायकांत बसले की पाच मिनिटांत मी नवऱ्याची फौज काढायचीच.

त्या हिवाळ्यात लढाईवरचा एक सिनेमा लागला होता. अगदी खऱ्यासारखा आहे म्हणत होते लोक. भावानं भंडाऱ्याला दुपारच्या शोची अख्खी रांग बुक केली. यांचं मन नव्हतं. घरीच राहतो म्हणाले. मी म्हटलं, त्यानं एवढ्या हौसेनं केलंय, माझं नाक कापू नका. आले बिचारे.

सुरुवातीला मजेत होते. पडद्यावर जवान बूट काढून पायाचे फोड बघत होते, घरी फोन लावायला रांगेत भांडत होते. ते पाहून हे हसले, अस्संच असते म्हणून वहिनीला सांगितलंही. मध्यंतरात भावानं अनोळखी लोकांना गाठून सांगितलं की आमचे भाऊजी फौजी आहेत. मग काय, फोटोच फोटो. मीही पदर नीट करून बाजूला उभी राहिले.

मग तो प्रसंग आला. शत्रूचा एक शिपाई, कोवळा, नुकतं मिसरूड फुटलेला, पोटात गोळी लागून दगडाला टेकून बसलेला. समोर आपला जवान उभा, आणि हा त्यालाच पाणी मागतोय. टॉकीजमध्ये शिट्ट्या वाजल्या. भावानं टाळ्या पिटल्या, मीही पिटल्या. बाजूला पाहते तर हे रडत होते. नुसते डोळे ओले नाहीत, खांदे गदगदत होते आणि हुंदक्यांचा आवाज येत होता. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. अख्ख्या माहेरासमोर, आणि तेही दुश्मनासाठी!

त्यांनी माझा हात घट्ट धरला. कानाशी येऊन म्हणाले, "त्यानं बी पाणीच मांगतलं होतं. मी..."

"चूप बसा," मी म्हटलं. "लोकं पाहून राहिले."

आणि मांडीला करकचून चिमटा काढला. त्यांनी माझा हात सोडला. रुमालानं तोंड पुसलं आणि शेवटपर्यंत सरळ पडद्याकडे बघत राहिले.

मी एवढ्यावर थांबले असते तरी पुष्कळ होतं. पण माहेरी जेवायला बसल्यावर वहिनीनं विचारलं, भाऊजींचे डोळे का लाल? मी लगेच सुरू. खऱ्या गोळ्यांना घाबरत नाहीत, सिनेमातल्या लाल रंगाला घाबरले म्हटलं. सगळे पोट धरून हसले. हेही हसले. हसत हसत भाजी मागून घेतली.

दुसऱ्या दिवशी गावच्या एसटीत बसले आणि मला त्यांचं ते अर्धं वाक्य आठवलं. कोण मागत होता? कुठं? आणि यांनी दिलं की नाही? मी हळूच विचारलं. कायचं पाणी, असं म्हणून ते खिडकीबाहेर बघत बसले.

आता ते पेन्शनवर घरी आहेत. मी किती वेळा विषय काढला असेल. ते युरियाचं बोलतात, तलावाच्या पाटाचं बोलतात. बाकी संसारात कशाची कमी नाही, भांडणही नाही. फक्त एवढं एक मला सांगत नाहीत.

यंदा धानाच्या रोवणीत बाया जेवायला गेल्या, बांधावर आम्ही दोघंच उरलो, तेव्हा मी हात जोडले. चुकलं माझं म्हटलं. आणि सरळच विचारलं, "त्याले पाणी देल्लं होतं का तुम्ही?"

त्यांनी धानाच्या बांधीतल्या पाण्यात हाताचा चिखल धुतला. राग नव्हता चेहऱ्यावर, तो असता तर बरं झालं असतं.

"तवा सांगूनच राहिलो होतो ना तुले," म्हणाले, आणि पऱ्ह्याच्या रोपांची पेंडी उचलून पलीकडच्या बांधीत उतरले.