तिसऱ्या आग्रहाची वाट

आता हसायचं नाही असं आधी कबूल करा, मगच सांगतो. म्हणजे हसाल तुम्ही, मला माहीत आहे, पण निदान चहाचा घोट तोंडात असताना हसू नका.

माझ्या फुटबॉलचं काय झालं, असं जो तो विचारतो. अर्ध्या गावाला वाटतं माझा गुडघा गेला. उरलेल्यांना वाटतं तिकडं राजकारण झालं. मीही कधी गुडघ्यावर हात ठेवून सुस्कारा सोडतो, कधी राजकारणाला मान डोलावतो. खरं कारण एवढंसं आहे, आणि ते माझ्याच तोंडातून निघालं.

मी उजव्या बाजूचा विंगर, पाठीवर सात नंबर. आता विंगर म्हणजे काय, हे आपल्या डोंगरकडा गावात कुणाला समजावून सांगायचं? मैदानाच्या कडेला पांढऱ्या रेघेला चिकटून उभं राहायचं, बॉल आला की जीव घेऊन पळायचं. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, विचारलं, "आन न्हाई आला तर?" म्हटलं, थांबायचं. "मंजी उभं राहायची नौकरी हाये," म्हणाले आणि केळीला पाणी द्यायला निघून गेले. तसं त्यांचं काही चुकलं नव्हतं.

नांदेडला शिकायला असताना हा नाद लागला. मग पुणे झालं, गोवा झालं, आणि शेवटची तीन वर्षं बंगालमधल्या एका लहान क्लबात काढली. किस्सा तिथला. पण त्याआधी आमच्या घरची शिस्त सांगितली पाहिजे, नाहीतर तुम्ही मला निव्वळ येडा समजाल.

कुणाकडं गेलं आणि चहा घेता का म्हटलं, की पहिल्यांदा म्हणायचं, "नको, आत्ताच झाला." दुसऱ्यांदा म्हणायचं, "खरंच नको, उगं तुमाला तकलीफ." तिसऱ्यांदा समोरचा दंडाला धरून खाली बसवतो. मग घ्यायचा, तोही "अर्धाच द्या" म्हणत पूर्ण. बरोबर ना? तुमच्याकडं वेगळं आहे का काही? लहानपणी एकदा मावशीकडं पहिल्याच हाकेला जाऊन ताटावर बसलो, तर माय घरी येईपर्यंत चिमटे काढत होती. "लोक काय म्हणतेन? ह्याला घरी खायाला देत न्हाईत का? तिसऱ्या खेपेला उठायचं असतंय."

तर ही शिस्त घेऊन मी बंगालात उतरलो.

पहिल्या दिवशी दुपारी माझा रूममेट जोसेफ दारात आला. मिझोरमचा गोलकीपर, दाराएवढा उंच. म्हणाला, चल, जेवायला जाऊ. मी म्हणालो, नको, तुम्ही व्हा पुढं.

आणि तो गेला की हो! सरळ पाठ फिरवून गेला. मी इकडं चपला घालून तयार बसलेलो. वाटलं, दोन पायऱ्या उतरून परत येईल. अर्धा तास चपला घालून कॉटवर बसून राहिलो. शेवटी मायनं बांधून दिलेल्या दशम्या काढल्या आणि भिंतीकडं तोंड करून खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी कॅप्टननं स्वतः विचारलं, त्यालाही मी नको म्हटलं, कारण त्याची ती पहिलीच वेळ होती. माणूस बदलला की मोजणी पुन्हा एकपासून सुरू होते, हे तुम्हाला माहीतच आहे. आठवडाभरानं विचारणं बंद झालं. मग मी सगळे उठून गेल्यावर मेसमध्ये जायचो आणि आचारी पातेलं खरवडून भात वाढायचा. मनाशी एक निकाल लावून टाकला होता, की ही माणसं खेळाला चांगली आहेत पण यांना रीतभात नाही.

मैदानावरही तोच कारभार. फ्री किक मिळाली की कॅप्टन विचारायचा, मारतोस का? मी म्हणायचो, नाही नाही, तुम्हीच मारा. तो मारायचा. फुटबॉलमध्ये बॉल ओरडून मागावा लागतो, आणि माझ्याच्यानं ते होईना. हात अर्धा वर करायचो, शाळेत पाणी प्यायला जाऊ का विचारतात तसा. कोच बाहेरून बोंबलायचे, माग, माग! आता मागायचं म्हणजे काय? मी इथं उभा आहे हे समोरच्याला दिसत नाही का?

बॉल चुकूनमाकून आलाच, तर मात्र मला कुणी गाठू शकत नव्हतं. हे माझं मीच सांगतो, नाहीतर तुम्हाला वाटेल तीन वर्षं मला ठेवलं तरी कशाला.

पण थट्टा राहू द्या. फार एकटं वाटायचं हो. रविवारी सगळे मिळून बाजारात जायचे, जिन्यातून त्यांचं हसणं ऐकू यायचं, आणि मी धुतलेले कपडे परत धुवायचो. मायचा फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला, "दोस्त झाले का रे?" मी म्हणायचो, ढीगभर झाले. "मंग कुणाचा आवाज काहून येत न्हाई?" मी म्हणायचो, आत्ताच बाहेर गेलेत, माझ्यासाठीच काहीतरी आणायला. एवढं बोलून फोन ठेवला की खोली आणखी मोठी वाटायची.

तिसरा हंगाम संपला. करार संपला. मी गावी आलो. वय तीस. या वयात नवा क्लब विंगरकडं बघत नाही, पायातला वेग उतरायला लागलेला असतो. जुन्या क्लबानं आणखी एक वर्ष ठेवलं तर ठेवलं, नाहीतर खेळ संपला. आणि खेळाशिवाय मला दुसरं काय येत होतं? त्या खोलीत मी एकटा पडायचो, तरी मला तिथंच परत जायचं होतं. रोज देवाला तेवढंच मागत होतो. देवाला मागताना मात्र मी तीनदा वाट बघत नव्हतो.

एक दिवस सकाळी अंगणात बसलो असताना मॅनेजर साहेबांचा फोन आला. मी स्पीकर चालू केला. माय भाकरी तव्यावर सोडून आली, अण्णा खुरपं हातात घेऊनच उभे राहिले.

"एक साल और खेलोगे हमारे लिए?" साहेबांनी विचारलं.

माझ्या छातीत असा काही आनंद झाला, की बस्स. आणि तोंड काय म्हणालं?

"रहने दीजिए साहब, आप क्यों तकलीफ उठाते हैं. नए लड़के हैं, उनको लीजिए."

अण्णांनी समाधानानं मान हलवली. पोरगं रीतीला धरून बोलतंय.

साहेबांनी पुन्हा विचारलं, "पक्का?"

"हाँ साहब, रहने दीजिए."

झाले दोन. मायनं डोळ्यांनीच खुणावलं की आता तिसरा. मी घसा साफ केला, "आप इतना कह रहे हैं तो" हे वाक्य अगदी ओठांवर आणून ठेवलं.

"ठीक है बेटा, खुश रहो," साहेब म्हणाले, आणि फोन बंद झाला.

आम्ही तिघं फोनकडं बघत राहिलो. तव्यावर भाकरी करपल्याचा वास आला तरी कुणी हललं नाही. मग माय म्हणाली, रेंज गेली असंल. अण्णा म्हणाले, "करंल, परत करंल. आपून पाव्हण्याच्या घरून निघालो तर ते फाट्यापस्तोर मागं येतेत. एवढा मोठा माणूस, त्याला काय रीत कळत न्हाई?"

आठ दिवस आम्ही त्या फोनची सेवा केली. केळीच्या बागेच्या बांधावर रेंज चांगली येते, म्हणून मी दिवसभर बांधावर. फोन वाजायचा, पण कधी सिमकार्डवाली बाई, कधी हट्टा गावचा मामा, वास्तूला या म्हणून. मामाला मी नको म्हटलं, त्यानं आणखी दोनदा विचारलं, मी हो म्हटलं. आपल्या मुलखात कसं सगळं सुरळीत चालतं बघा. मी अण्णांना विचारलं, आपणच साहेबांना फोन लावू का? ते म्हणाले, "मंग तर झालंच. पार हावरे दिसू."

नवव्या दिवशी जोसेफचा फोन आला. तीन वर्षं एका खोलीत राहून त्याचा मला आलेला हा पहिला फोन. म्हणाला, साहेबांनी सांगितलं तू नाही म्हणालास, आम्हाला काही नवल वाटलं नाही, तू सगळ्यालाच नाही म्हणतोस. मग म्हणाला, "पहला महीना हम लोग टेबल पे तेरी प्लेट रखते थे. फिर लगा, तुझे हमारे साथ बैठना पसंद नहीं."

मी खोलीत चपला घालून बसलेलो आणि खाली मेसमध्ये माझं ताट मांडलेलं. दोघांमध्ये पंधरा पायऱ्या होत्या फक्त. मी त्याला आमची तीन वेळांची रीत सांगायला लागलो, पण ती हिंदीत सांगताना इतकी येड्यासारखी वाटली की मधेच सोडून दिली. डोळ्यांत पाणी आलं होतं ते बाहीला पुसलं.

"एक बात पूछनी थी," जोसेफ म्हणाला. "मना मत करना."

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. साहेबांनीच याला पुढं केलं असणार. हाच तो तिसरा आग्रह! आता चुकलो तर आयुष्यभर बांधावर बसावं लागेल.

"हाँ," मी म्हणालो.

"अरे, सुन तो ले पहले."

"सुनना क्या है? हाँ बोला ना. पक्का हाँ."

"थैंक यू भाई," तो म्हणाला. "नया विंगर आया है, उसको तेरा सात नंबर चाहिए था. मैंने बोला नंबर उसका है, पहले उससे पूछूँगा."

मग फोन बाजूला धरून तो मेसमधल्या पोरांना म्हणाला, "दे दिया. तीन साल में पहली बार उसने किसी चीज़ को हाँ बोला है."

आणि पलीकडं सगळ्यांनी माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या.