चौकडीतला खर्ज

माझा आवाज फुटला तो थेट तळघरात गेला. अकोल्याच्या ज्या जिनिंगमध्ये मी कापूस मोजायला होतो, तिथे यंत्रांचा आवाज आणि माझा आवाज एकाच पट्टीत चालायचे, त्यामुळे मी काय बोललो ते कुणालाच कळायचं नाही. घरी माय म्हणायची, हळू बोल, भांडे वाजतात. मी विशीचा होतो आणि शक्यतो गप्प बसायचो.

एका रविवारी चर्चमध्ये, आम्ही त्याला देऊळच म्हणायचो, उपासनेची प्रार्थना संपली, सगळ्यांचं आमेन होऊन गेलं आणि माझं मागे राहिलं. शांत झालेल्या देवळात ते एकटंच गडगडलं. सगळी बाकं मागे वळली. बायकांनी पदर तोंडाला लावले. पाळकसाहेबांनी चष्मा सारखा करून माझ्याकडे पाहिलं. मी बाहेर पडून सायकलकडे निघालो, तेवढ्यात आमच्या देवळात पायपेटी वाजवणारे शाळामास्तर आडवे आले. आता बोलणी खावी लागणार असं मला वाटलं. त्यांनी मला परत आत नेलं आणि पुन्हा आमेन म्हणायला लावलं. मग आणखी खाली, मग त्याहूनही खाली. शेवटी त्यांनी पायपेटीची डावीकडची अगदी शेवटची पट्टी दाबली. मी तिच्याही खाली होतो. मास्तर पन्नाशीचे, कडक इस्त्रीचे गृहस्थ. ते पायपेटीवर डोकं टेकून इतके हसले की त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

त्यांना बऱ्याच वर्षांपासून चार आवाजांत गीतं बसवायची होती. लहानपणी बोर्डिंगमध्ये एका गोऱ्या मॅडमनी त्यांना ती रीत शिकवली होती. एकाने मूळ चाल धरायची, एकाने तिच्या वर चढायचं, एकाने मधे राहायचं आणि एकाने सगळ्यांना खालून उचलून धरायचं. चाल ते स्वतः धरणार होते. वरच्या आवाजाला दवाखान्यातला एक कंपाउंडर मिळाला होता, काडीसारखा बारीक आणि गळा बासरीसारखा. मधल्याला एक शिंपी होता. खालच्याची जागा रिकामी होती. त्या दिवसापासून शनिवारी संध्याकाळी शिंप्याच्या दुकानात, अर्धवट शिवलेल्या कोटांच्या मधे, आमची तालीम सुरू झाली. गल्लीतले लोक आम्हाला चौकडी म्हणू लागले. त्यात थोडी टिंगल होती, पण मला ते नाव फार आवडलं.

चौघांचे आवाज पहिल्यांदा नीट जुळले तेव्हाचं मला अजून आठवतं. मी माझा एकच सूर धरून उभा होतो, वर तिघं हलत होते, आणि एकाएकी दुकानात पाचवंच कुणीतरी गायला लागल्यासारखं वाटलं. टेबलावरची कात्री थरथरली. आम्ही मधेच थांबलो, एकमेकांची तोंडं पाहिली आणि हसत सुटलो. शिंप्याने त्या आनंदात एका गिऱ्हाइकाच्या कोटाला दोन्ही बाह्या डाव्या लावल्या.

पहिला बाहेरगावचा कार्यक्रम चांदूर बाजारजवळच्या एका खेड्यात झाला. नव्या पिकाचे आभार मानायची, हंगामाची उपासना होती, मांडवात ज्वारीची कणसं बांधलेली. आम्ही गीत सुरू केलं. दोन ओळी झाल्या नसतील, तोच पुढे बसलेला एक म्हातारा शेतकरी उठला आणि त्याने हात वर करून आम्हाला थांबवलं.

"पहिले आपसात ठरवून घ्या बाप्पा," तो शांतपणे म्हणाला, "चौघं चार गाने म्हनून राहिले तुमी."

मांडव हसू लागला. मास्तर मात्र रागावले नाहीत. त्यांनी आम्हा प्रत्येकाला एकेकटं गायला लावलं. मग दोघांना, मग तिघांना, आणि शेवटी मला खाली घातलं. म्हातारा मान वाकडी करून ऐकत होता. गीत संपल्यावर तो माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला की बाकीच्याइले थोडा दम खाऊ द्या, या खालच्याले अजून एकदा म्हनू द्या. मी एकट्याने पुन्हा गायलो. खर्जातला एकटा भाग म्हणजे काय, चार-पाच सूर. पण मांडवातल्या लोकांनी तो तीनदा ऐकला. परतीच्या बसमध्ये मी खिडकीतून तोंड बाहेर काढून सगळा रस्ता तेच गात आलो.

मग दर्यापूरचं लग्न आलं. आम्ही मूर्तिजापूरला उतरून नॅरोगेजची छोटी गाडी धरणार होतो. ती गाडी तिच्या मर्जीने सुटायची, म्हणून स्टेशनवर आलूबोंडे घेतले. कंपाउंडरला मिरचीचा सोस. त्याने तळलेल्या मिरच्या मूठभर खाल्ल्या आणि वरून बर्फ घातलेला उसाचा रस प्यायला. दर्यापूरचं बनोसा स्टेशन येईपर्यंत त्याचा घसा पार बसला. तोंड उघडलं की नुसती हवा यायची. तीन आवाजांवर लग्न लावायचं कसं, म्हणून मास्तर मांडवामागे कपाळाला हात लावून बसले.

नवरीकडची एक मुलगी तिथे पाहुण्यांना पाणी देत होती. अमरावतीला नर्सचं शिकत होती, नवरीची चुलत बहीण. तिने विचारपूस केली आणि वरची ओळ मला शिकवा असं सरळ सांगितलं. मास्तर घोटाळले. आमच्यात पुरुषांच्या मधे उभी राहून बाई गायलेली कुणी पाहिली नव्हती. पण नवरदेव मांडवात येऊन बसला होता. मास्तरांनी ओळ एकदा गाऊन दाखवली. तिने ती उचलली, आणि दुसऱ्या वेळी मास्तरांची एक चूकही दुरुस्त केली.

ती माझ्या शेजारी उभी राहिली. चौकडीत सगळ्यांत वरचा आवाज तिचा, सगळ्यांत खालचा माझा, आणि मधलं अंतर केवढं तरी. गाताना मला वाटलं, त्या अंतरात आख्खं दर्यापूर मावेल. गीत संपल्यावर मी तिला म्हणालो, चांगलं म्हटलं तुम्ही. ती दचकली आणि माझ्या छातीकडे पाहू लागली.

"तुमी बोलता तवा मले वाटते," ती म्हणाली, "अंदर कोनी दुसराच बसला हाय."

त्यानंतर चौकडीचे अमरावतीचे दौरे फार वाढले. बडनेऱ्याला उतरायचं, टांगा करायचा आणि अमरावतीच्या उपासनेत गायचं. बोलावणं असो वा नसो. आणि कसं कोण जाणे, दर वेळी कंपाउंडरचा घसा बडनेऱ्यातच बसायचा, आणि वरच्या ओळीसाठी नर्सिंगवाल्या मुलीला बोलवावं लागायचं. मी त्याला औषधं सुचवायचो, त्यालाच, जो दिवसभर औषधं बांधायचा. एकदा मी स्टेशनवर पाणी भरायला गेलो आणि परत येताना पाहिलं, तर हा गडी खिशातून हिरव्या मिरच्या काढून शांतपणे चावत होता. डोळ्यांतून धारा लागलेल्या. मी काही बोलायच्या आत त्याने उरलेली मिरची माझ्यापुढे धरली आणि घोगऱ्या आवाजात म्हणाला, "आता तरी विचार तिले. माह्या पोटात आग पडली."

त्याच दिवशी मी विचारलं. उपासनेनंतर, कडुनिंबाखाली. घाबरल्यावर माझा आवाज आणखी खाली जातो, त्यामुळे तिला पहिल्यांदा काहीच ऐकू आलं नाही. दुसऱ्यांदा ऐकू आलं. ती हसायला लागली आणि थांबेचना. हसता हसता मान हलवत होती, पण मान होकाराची की नकाराची ते मला कळेना. शेवटी पलीकडून शिंपी ओरडला की हो म्हणाली. लग्नात चौकडीने गायचं ठरलं होतं. नवराच खर्ज असल्यामुळे मी वेदीपुढे उभा राहून, नवरीचा हात धरून, माझी ओळ गायली. पाळकसाहेबांनी मधे दोनदा खोकून पाहिलं. कंपाउंडरचा घसा त्या दिवशी ठणठणीत होता.

साठ सालानंतर केव्हातरी आम्हाला नागपूरच्या रेडिओवर गायला मिळालं. ध्वनिमुद्रण झालं. नाताळच्या आठवड्यात संध्याकाळी ते लागणार होतं. आमच्या गल्लीत रेडिओ एकच, कोपऱ्यावरच्या चहावाल्या चाचांच्या हॉटेलात. चाचांनी त्या दिवशी रेडिओला हार घातला. सगळी गल्ली बाकांवर, पायऱ्यांवर बसली. माय अगदी रेडिओला कान लावून बसली. निवेदन झालं, गीत सुरू झालं. मास्तरांची चाल आली. कंपाउंडर आला. शिंपी आला. मी काही येईना. त्या एवढ्याशा डब्याला माझा सूर पेलतच नव्हता. तिघंच गात होते. लोक माझ्याकडे पाहू लागले.

"मले ऐकू आला," माय म्हणाली. बायको तिच्या शेजारी बसली होती. तिने पदर तोंडात कोंबला, पण खांदे गदगदत होते. मग मीही हसलो, मग सगळेच. चाचांनी रेडिओ बंद केला आणि हार काढून माझ्या गळ्यात घातला.

"हमारा रेडिओ तुमको खा गया मियाँ," ते म्हणाले. "अब तुमीच गाओ."

आम्ही चौघं हॉटेलच्या बाकावर चढलो. तेच गीत गायलो, आणि खर्जाची जागा आली तेव्हा कपाटातल्या कपबश्या किणकिणल्या. चाचांनी त्या संध्याकाळी कपाट दोन्ही हातांनी धरून ठेवलं आणि आम्हाला आणखी तीन गीतं म्हणायला लावली.

पुढे चौकडी आणखी पाच-सहा वर्षं चालली. मग कंपाउंडरची बदली यवतमाळला झाली. त्याच्या निरोपाला आम्ही स्टेशनवर गायलो. गार्डाने शिट्टी तोंडाजवळ नेली होती, ती गीत संपेपर्यंत तशीच धरून ठेवली. गाडी हलली तेव्हा कंपाउंडर दारात उभा राहून वरची ओळ पुन्हा गात होता, आणि प्लॅटफॉर्मवर त्याच्या जागी माझी बायको येऊन उभी राहिली होती.